टका आणि टाकी

कॅम्प १, भिलाई
५ ऑक्टोबर १९६४

दादा,

पत्राच्या माथ्यावर 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग खोडलं. ते ऐकून तू म्हणाला असतास, 'तीर्थ कायचं, साधं पाणी बी नाही पाजलं यानं.' म्हणून नुसतं दादा.

हे पत्र तुझी लेक जया तुला मोठ्यानं वाचून दाखवते आहे, हे मला ठाऊक आहे. जया, सावकाश वाच. अडलं तर पुन्हा वाच, पण गाळू नको.

मार्चमध्ये तू बिऱ्हाड हलवून अहिवाऱ्याकडे चुनखडीच्या खाणीवर गेलास, त्याला सात महिने झाले. या काळात तुमच्या घरचं जे काही मला कळलं ते फकिराकडून. तो अहिवाऱ्याच्या बसवर कंडक्टर आहे आणि तिकिटापेक्षा बातम्याच जास्त फाडतो. जयाचं जमलं, मुलगा डोंगरगडचा, रेल्वेत आहे, लग्न फाल्गुनात, हे त्यानं सांगितलं. मला बोलावणं नाही, हेही त्यानंच सांगितलं. बोलावणं मागायला हे पत्र नाही. एका शब्दाविषयी आहे.

तो शब्द तुला माहीत आहे. १२ मार्चला संपाच्या सभेत, कारखान्याच्या गेटसमोर, मी तो तुझ्याविषयी लाउडस्पीकरवर बोललो. 'दो टके का आदमी.'

गेल्या महिन्यात युनियनच्या वाचनालयात एक रशियन दुभाषा येऊ लागला. त्याची हिंदी पुस्तकातून उचललेली. गेटवर फुटाणे विकणारी मैनाबाई तुला आठवत असेल. तिला त्यानं विचारलं, 'माते, इसका मूल्य क्या है?' ती म्हणाली, 'माता घर म हे, मैं मैनाबाई अंव.' तर या माणसाशी बोलता बोलता पैशाची गोष्ट निघाली. त्यांच्या भाषेत पैशाला 'देन्गी' म्हणतात. तो म्हणाला, हा शब्द मूळचा आमचा नाही, तातारांकडून आला, ते नाण्याला 'तेंगे' म्हणत. मी म्हणालो, आमच्याकडे टका आहे.

नंतर दोन रविवार मी रायपूरच्या ग्रंथालयात जाऊन कोश पाहिले. टका आला संस्कृत 'टंक' या शब्दावरून. आधी ते चांदीचं वजन होतं, मग छाप मारलेली चांदी झाली. जिथे छाप मारायचे ती टंकशाला, म्हणजे आपली टांकसाळ. तातारांनी आपल्याकडून घेतला की दोघांनी तिसऱ्याकडून, यावर पंडितांचं एकमत नाही. मीही आग्रह धरत नाही. पण त्याच कोशात, त्याच शब्दाखाली दुसरा अर्थ दिला आहे. टंक म्हणजे दगड घडवायचं हत्यार. टाकी.

आपल्या बाची टाकी, दादा. सुगी संपली की जी खांद्यावरच्या झोळीत घालून बा गावोगाव हिंडायचा, 'जात्याले टाकीऽऽ, पाट्याले टाकीऽऽ' म्हणून ओरडायचा. बा गेल्यावर तू हिंडलास आणि मी आमगावच्या शाळेत बसलो. घाव घालून चांदीवर उठवला तो टका, घाव घालून बोथट जात्याचं तोंड उघडते ती टाकी. नाव एकच. ज्याला मी दोन टक्यांचा म्हणालो तो मुळात टाकीचा माणूस निघाला. शिवी दिली नाही असं मी म्हणत नाही. शिवीच्या पोटात काय होतं एवढं सांगतो आहे.

घरात लग्न निघालं की आधी जात्याला टाकी लावायची, मग त्यावर हळद दळायची. खालची तळी थोरल्या भावानं, वरची धाकट्यानं. बा आणि मोठे काका समोरासमोर असेच बसायचे. हे उगाच आठवलं. विषय शब्दाचा आहे.

देवराव

*

खाण वस्ती, अहिवारा
१९ ऑक्टोबर १९६४

काकाजी,

पत्र मिळालं. काल रविवारी बाबाले सगळं वाचून दाखवलं. काही गाळलं नाही. 'देन्गी' दोनदा वाचलं, कावून का बाबा म्हणे, 'कोणची डेंगी?'

मधात बाबा एकदाच बोलले, टाकीपाशी. म्हणे, 'थांब.' मी थांबले. मग म्हणे, 'वाच.'

पुरं झाल्यावर जे बोलले ते जसंच्या तसं लिहून राहिले. 'शब्द धुतला अन् वाळत घातला यानं. त्याले लिही, मले धुतलेला शब्द नाही पाहिजे. गेटवर सांगतो म्हणला होता, ते सांगतलं काय, एवढं लिहून धाड.'

मी विचारलं, काय सांगाचं होतं? तर उठून खाणीकडे गेले. रविवारी खाण बंद असते.

आई म्हणते, देवराव भाऊजी जेवते कुठं ते विचार.

जया

*

कॅम्प १, भिलाई
८ नोव्हेंबर १९६४

दादा,

गयावहिनीला सांग, मेसमध्ये जेवतो. डाळ पातळ असते, तक्रार नाही.

जयानं विचारलं आहे म्हणून त्या दिवसाची हकीकत नीट लिहितो. तिला अर्धीच ठाऊक असणार.

जया, संप ठेकेदाराच्या माणसांचा होता, तीन दिवसांचा. मागणी मोठी नव्हती. माती आणि विटा वाहणाऱ्या रेजा बायांना दुपारी बसायला सावली नव्हती आणि प्यायला पाणी अर्ध्या मैलावरून आणावं लागे. मार्चचं ऊन, कडेवर लेकरं. या मागणीसाठी मी गेटवर उभा राहिलो, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा उभा राहीन. त्यात तसूभर फरक नाही.

तुझे बाबा तेव्हा नव्या कोक-भट्टीवर गवंडी होते. दगडाला टाकी लावणारा हात विटेलाही ओळखतो, म्हणून भट्टीच्या आतली पांढरी वीट त्यांच्या टोळीकडे होती. आठ महिने ते ती रचत होते. बांधून झालेली भट्टी एकदम पेटवत नाहीत. आंच रोज मोजून चढवतात, दोन-अडीच महिने. मध्येच आंच उतरली तर वीट तडकते आणि सगळं बांधकाम पाडून पुन्हा उभं करावं लागतं. संप सुरू झाला तो भट्टी तापवण्याचा अकरावा दिवस होता. त्या दिवशी तुझे बाबा चार माणसं घेऊन आत गेले. हे खरं आहे.

सभेला दोन हजार माणसं होती. मी बोलत होतो. मागून कुणी ओरडलं, 'नेताजी, आपका भाई तो अंदर है!' सगळी डोकी माझ्याकडे वळली. सभेत उत्तर द्यायला श्वासाइतकाच वेळ मिळतो. मी म्हणालो, 'भाई होगा घर में. गेट के अंदर है तो दो टके का आदमी है.' टाळ्या किती वेळ चालल्या ते मी मोजलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मागण्या मान्य झाल्या. रेजांची शेड उभी आहे, नळाला आजही पाणी येतं.

पुढचं तू पाहिलंस. सभेच्याच दिवशी संध्याकाळपर्यंत कॅम्पभर पोरं तुझ्या बाबांच्या मागून 'दो टका, दो टका' ओरडत होती. आठवड्यानं राजनांदगावचे पाहुणे तुला पाहायला आले. त्यांनी चिंधू मिस्त्रीचं घर विचारलं आणि पोरांनी 'दो टका का घर' म्हणून दाखवलं. पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच. महिना संपायच्या आत तुमचं बिऱ्हाड हललं. एका शब्दानं एवढं व्हावं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. व्यक्तीपेक्षा चळवळ मोठी, असं मी मानतो. अजूनही मानतो.

दादा, 'गेटवर सांगतो' म्हणालो होतो ते काय, मला नीटसं आठवत नाही.

गेल्या शुक्रवारी वाचनालयात 'टका' या शब्दावर तासभर बोललो. लोकांना आवडलं.

देवराव

*

खाण वस्ती, अहिवारा
२३ नोव्हेंबर १९६४

काकाजी,

'नीटसं आठवत नाही' हे मी वाचलं तेव्हा बाबा हसले. इथं आल्यापासून पयल्यांदा. म्हणे, 'याले सोताचं सन सत्तावन्नचं भाषण तोंडपाठ आहे, अन् आदल्या संध्याकाळची गोठ आठवत नाही! याच्या डोक्यात बी ठेकेदार बसला आहे का, पाहिजे तेवढंच आत सोडते?'

आई लय हसली.

मले ती राजनांदगावची गोठ तुम्ही लिहाले नको होती. बाबाले वाटते, ते पाहुणे कावून फिरले हे मले माहीत नाही. मोठ्यानं वाचता वाचता तिथं मी दोन ओळी गाळल्या. तुम्ही गाळू नको म्हणलं होतं, तरी गाळल्या.

लग्न फाल्गुनातच आहे. पौष संपला का जात्याले टाकी लावाची आहे. बाबा म्हणते, दोन्ही तळ्या मीच लावतो. आई म्हणते असं होत नाही, वरची धाकट्याची असते, नाही तं हळद लागत नाही पोरीले. बाबा म्हणते, 'धाकटा कोन?' दोघांचं रोज चालू आहे.

एक विचारते, रागावू नका. काकाजी, तुम्ही खोटं लिहून राहिले काय? मले मोठ्यानं वाचावं लागते, म्हणून विचारते. खोटं वाचताना आवाज वेगळा येते.

जया

*

कॅम्प १, भिलाई
१० जानेवारी १९६५

जया,

हे पत्र तुझ्या नावानं लिहितो आहे, पण नेहमीसारखंच मोठ्यानं वाच. या वेळी काहीच गाळू नको.

तू विचारलंस त्याचं उत्तर, हो. आधीच्या पत्रात लिहिलं त्यातली एक ओळ खोटी होती. मला सगळं आठवतं.

११ मार्चला, संपाच्या आदल्या संध्याकाळी, तुझे बाबा माझ्या खोलीवर आले. मी सभेचे मुद्दे काढत होतो. ते खाली बसले नाहीत, दाराशीच उभे राहिले. म्हणाले, 'देवा, उद्या भट्टीचं कसं? आंच पडली तं वीट फाटते. मंग लोकं म्हणतीन, चिंधूनं रचली अन् चिंधूनंच फोडली.'

मी म्हणालो, 'तू जा. चार माणसं घेऊन जा. भट्टीवाल्यांना सूट आहे असं मी उद्या गेटवर सांगतो.'

'समितीनं म्हणलं का तूच म्हणून राहिला?'

'मीच समिती आहे असं समज.'

'सांगशीन ना पण? बिनसांगता गेलो तं लोकं मले खातीन.'

'सांगतो म्हणलं ना, दादा.'

समितीला मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर दोन तास वाद झाला असता, आणि मला भाषण तयार करायचं होतं. सूट देणं बरोबरच होतं. भट्टी तडकली असती तर पुढचे आठ महिने त्याच रेजांनी त्याच विटा पुन्हा वाहिल्या असत्या, त्याच उन्हात. तो निर्णय माझा होता आणि मला आजही तो योग्य वाटतो.

सकाळी सभेत ही गोष्ट मी शेवटी सांगणार होतो. शेवट यायच्या आधी तो माणूस ओरडला. मला एवढंच म्हणायचं होतं, 'मी पाठवलंय.' तीन शब्दसुद्धा नाहीत. पण मग लोकांनी विचारलं असतं, कुणाला विचारून पाठवलं? मला अडखळावं लागलं असतं. भाषण चढलेलं होतं, मला ते उतरवायचं नव्हतं. भट्टीची आंच उतरू नये म्हणून ज्याला आत धाडलं, त्यालाच सभेची आंच उतरू नये म्हणून जाळलं. हे वाक्यही भाषणातलंच झालं. राहू दे. खोडत नाही.

संध्याकाळी तुझे बाबा गेटमधून बाहेर आले. भुवयांवर विटेची पांढरी धूळ होती. लोक ओरडत होते. मी व्यासपीठाजवळ उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'यानंच धाडलं' एवढं ते म्हणाले असते तर माझं नाव त्याच दिवशी संपलं असतं. ते म्हणाले नाहीत. चार माणसांनाही बोलू दिलं नाही. नंतर घरीही बोलले नाहीत, हे मला तुझ्या पत्रांतून कळलं. वहिनींनाही ठाऊक नसावं.

मग मी शब्द शोधत बसलो. टंक, टका, टाकी. तो सगळा मजकूर खरा आहे. कोशात आहे. पण तो मी तुझ्या बाबांसाठी शोधला नव्हता. शब्द स्वच्छ निघाला तर बोलणाराही स्वच्छ निघेल, असा माझा हिशेब होता. तुझ्या बाबांनी पहिल्याच पत्राला तो ओळखला, आणि त्यांना एकही कोश लागला नाही.

१८ तारखेला, सोमवारी, गेटवर सभा आहे. तिथे सांगतो. या वेळी आधी सांगतो, बाकीचं नंतर.

देवराव

*

कॅम्प १, भिलाई
२१ जानेवारी १९६५

दादा,

सोमवारी सांगितलं. सुरुवातीलाच.

मार्चएवढे लोक नव्हते, आठशे असतील. मी म्हणालो, गेल्या वर्षी संपात चिंधू मिस्त्री भट्टीवर गेला तो माझ्या सांगण्यावरून. सूट मी दिली होती आणि ती गेटवर जाहीर करायचं वचनही मी दिलं होतं. वचन मोडलं मी, शिवी खाल्ली त्यानं. मग त्या चौघांची नावं घेतली. टका, टाकी, रशियन दुभाषा, यातलं काही बोललो नाही. बोलायची इच्छा झाली होती, हे कबूल करतो.

एकही टाळी पडली नाही. कुणी 'बैठ जाओ' म्हणालं, कुणी 'बोलने दो'. भट्टीवरचा बाबुलाल, जो त्या दिवशी तुझ्याबरोबर आत होता, पुढे आला. मला वाटलं हात मिळवेल. तो म्हणाला, 'दस महीना हम मुँह छिपा के चले, नेताजी. आज बोल दिए, बड़ा अच्छा किए. अब हमको वो दस महीना भी दे दो.' ते देता येत नाहीत, असं मी म्हणालो.

खाली उतरलो तेव्हा मैनाबाईनं फुटाण्याचा पुडा बांधता बांधता विचारलं, 'अतेक दिन ले मुंह म दही जमाय रहेस का, बाबू?' पुडा मात्र मला दिला.

संध्याकाळी समिती बसली. माझं युनियनचं सचिवपद काढून घेतलं. समितीला न विचारता सूट दिली हे एक कारण, आणि समितीला न विचारता कबुली दिली हे दुसरं. दोन्ही नियमाला धरून आहेत. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तसंच मत दिलं असतं. पुढच्या सभेत दुसरा कुणी बोलेल. रेजांच्या नळाची तोटी गळते आहे, तेवढं त्याला सांगून ठेवलं.

काल कामावरून परतताना कॅम्पच्या चौकात पोरं गोट्या खेळत होती. मला पाहून एकानं हळूच म्हटलं, 'दो टका.' मग सगळ्यांनी म्हटलं. खोलीच्या दारापर्यंत मागे आली.

त्यांना मी व्युत्पत्ती सांगितली नाही.

हे उत्तरासाठी लिहिलेलं नाही. तू विचारलं होतंस, सांगितलं का. सांगितलं.

देवा

*

खाण वस्ती, अहिवारा
६ फेब्रुवारी १९६५

काकाजी,

तुमची दोन्ही पत्रं वाचून दाखवली. पयलं वाचल्यावर आई बाबाले म्हणे, 'दहा महिने तुमी मले बी नाही सांगतलं?' बाबा म्हणे, 'तुले सांगतलं असतं तं तू त्याचं जेवण बंद केलं असतं.' आई म्हणे, 'तं मंग, केलंच असतं.' दोन दिवस आई बाबासंग बोल्ली नाही. तुमच्यावर बी राग आहे तिचा. पण मेसची डाळ पातळ असते हे तिनं तीनदा काढलं.

दुसरं पत्र बाबानं दोनदा वाचाले लावलं. बाबुलालकाका बोल्ले तिथं म्हणे, 'बरोबर बोल्ला.' पोरं मागं लागली तिथं उठून पाणी पिलं.

काल बाबानं जातं अंगणात काढलं अन् दिवसभर बसून खालच्या तळीले टाकी लावली. वरची तळी तशीच आहे, गुळगुळीत. बाजूले काढून त्यावर बारदाना टाकून ठेवला. मी म्हणलं, ही कावून ठेवली? म्हणे, 'जड आहे, माझ्यानं उचलत नाही.' बाबा खाणीत याच्या दुप्पट दगड रोज उचलते.

मग सांजच्याले म्हणे, 'त्या देन्गीवाल्याले लिही. येवाचं असन तं पुढच्या रविवारी येजो. हात घेऊन येजो, तोंड तिकडंच ठेवून येजो.'

पयली बस साडेसहाची आहे. फकिरा म्हणते सातले सुटते.

येताना टाकी शोधत बसू नका, भिलाईत भेटत नाही तशी. आजोबाची पेटी उघडली आहे. बाबानं दोन टाक्याले धार लावून ठेवली.

जया